डाळिंबी टॉवेलाचा अर्धा तुकडा

राजय्या रंगाऱ्यावर मी अन्याय केला. आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा-सव्वादहाच्या सुमारास, टॉवेल कारखान्याच्या कचेरीत. त्या खोलीत तेव्हा मालक होते, राजय्या होता आणि मी होतो. काय घडलं ते तिघांपैकी मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या सोबत्यांना नाही. आज तुम्हाला सांगतोय.

मला ओळखणारे म्हणतील — हा? हा तर दुसऱ्यांची पापं चव्हाट्यावर मांडणारा माणूस! खरं आहे. विशीपासून मी पत्रकं लिहितो. कुणाचं नाव कुठं घ्यायचं, कुठल्या शब्दाखाली जाड रेघ मारायची, वाचणाऱ्याचं रक्त कुठल्या ओळीला तापतं — हे सगळं मला येतं. पण ती सवय इथं कामाची नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा पत्रकच झालं. त्यात परदेशी भांडवल आलं, दलाल आले, सरकार आलं. मी तेवढा आलो नाही.

तेव्हा सरळच सांगतो.

दिवसा मी एका टर्किश टॉवेलच्या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराचं काम करायचो आणि संध्याकाळी माग-कामगारांच्या चळवळीचं. मालकाला संध्याकाळचं ठाऊक नव्हतं, कामगारांना दिवसाचं ठाऊक होतं. कामगार मला ‘मास्तर’ म्हणायचे. मी कुठल्याच शाळेत शिकवत नव्हतो, पण टाइपरायटर चालवणारा माणूस मास्तरच, असा तिथला हिशेब. राजय्याही मास्तरच म्हणायचा. मी त्याला मामा म्हणायचो.

राजय्या कारखान्याच्या रंगखान्यात सूत रंगवायचा. पन्नाशीचा, तेलुगू घरातला, हात मनगटापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे. मोजमापाची वाटी त्याच्याजवळ होती, पण ती तो नव्या माणसांना देत असे. स्वतः लडीचं पाणी बोटावर घेऊन उजेडात धरायचा. बस्स. तीस वर्षं त्यानं तसंच धरलं होतं.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात जर्मनीहून एक साहेब आला. आपल्याकडून टॉवेल करून घ्यायचे आणि तिकडे विकायचे, असा त्याचा व्यापार. अशा साहेबांना काय दाखवतात हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. सारवलेलं अंगण दाखवतात, चांगल्यातला चांगला माग दाखवतात, टोप्या घातलेले कामगार दाखवतात. मग माल कुठं विणला जातो? या पेठेत दोन माग, त्या पेठेत चार, कुणाच्या पडवीत, कुणाच्या पत्र्याखाली. साहेबाला यातलं काही दिसत नाही, आणि तो विचारतही नाही. मालक ‘यस यस’ म्हणतात, साहेब ‘गुड गुड’ म्हणतो, आणि दोघांच्या मधे माझ्यासारखा एक जण दुभाषी म्हणून उभा असतो. मी साहेबाचं बोलणं मालकाला सांगायचो आणि मनातल्या मनात संध्याकाळचं पत्रक लिहायचो.

पण हा साहेब वाईट नव्हता. हे लिहिताना माझा हात अडतो — तरी लिहितो. त्यानं राजय्याशी हात मिळवला, तळव्याला लागलेला डाळिंबी रंग बघून हसला, आणि पुसला नाही. राजय्यानं रंगवलेल्या सुताचा नमुन्याचा टॉवेल त्याला इतका आवडला की त्यानं तिथंच कात्री मागवली आणि टॉवेल मधोमध कापला. दोन्ही अर्ध्यांवर न पुसणाऱ्या शाईनं सही केली. एक अर्धा स्वतःच्या बॅगेत ठेवला, दुसरा काळ्या कागदात गुंडाळून आम्हाला दिला. म्हणाला, हा बंद ठेवा. माल रंगवायच्या वेळी उघडा आणि याच्याबरहुकूम रंग करा. मुंबईच्या गोदीत माझा माणूस माझा अर्धा घेऊन येईल आणि मालाशी ताडून बघेल.

हे सगळं मीच मराठीत सांगितलं. शब्दन् शब्द. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

राजय्या म्हणाला होता, “नवरा-बायकोची ताटातूट केली की सायबानं! एक जर्मनीला, एक सोलापुरात.” मालकसुद्धा हसले होते.

आमचा अर्धा माझ्या कपाटात आला. किल्ली माझ्याकडे.

आता पुढचं सांगताना मला त्या दिवसांतला मी आठवतो आणि — काय सांगू? — मला तो आवडतो. तेच तर वाईट आहे. फाल्गुनात मजुरीच्या प्रश्नावर साखळी उपोषण बसलं. गोणपाटाचा मांडव, सतरंज्या, एक माठ. मी पत्रकं लिहीत होतो, घोषणा लिहीत होतो. वाटलं, लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हवं. नुसते शब्द किती पुरणार? जो टॉवेल विलायतेत श्रीमंताच्या न्हाणीघरात लटकणार, तो इथं, विणणाऱ्याच्या उपाशी पोटासमोर लटकला पाहिजे!

मी कपाट उघडलं आणि काळा कागद सोडला.

मांडवाच्या पुढच्या बांबूला मी तो तुकडा एका कोपऱ्यानं गाठ मारून बांधला. सही आतल्या बाजूला. खाली पाटी लावली — ‘हा टॉवेल जर्मनीला चालला, विणणारा कुठं चालला?’ लोक थांबून वाचायचे. एका म्हातारीनं टॉवेलाला हात लावून, “लई मऊ हाय,” म्हटलं आणि मग डोळ्याला पदर लावला. माझ्या अंगावर काटा आला होता. कारखान्यातलं कुणी तिकडं फिरकत नसे, आणि फिरकलं तरी डाळिंबी टॉवेल काय, सोलापुरात ढिगानं.

तीन आठवडे तो तिथं होता. सोलापूरचं चैत्रातलं ऊन मी तुम्हाला सांगायला हवं का?

उपोषण सुटलं. मी टॉवेल काढला, घरी आणला, गाठ सोडली. आणि दिसलं. गाठीत होता तेवढा कोपरा पिकल्या डाळिंबाचा होता, आणि बाकीचा तुकडा — विटका नव्हे, पण उतरलेला. आजारातून उठलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा. कोपरा शेजारी नसता तर कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

म्हणून मी कोपरा कापला.

वाचलंत ना? चूक इथवर होती. कात्री हातात घेतल्यावर ती चूक राहिली नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी माल रंगवायला सांगितलं. मी काळा कागद घेऊन रंगखान्यात गेलो. राजय्यानं तुकडा दारात नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“मास्तर, ह्यो माजा रंग न्हाय.”

“तुमचाच आहे, मामा. सही बघा साहेबाची.”

“सही त्याची आसंल. रंग माजा न्हाय. आन् हितला कोपरा कुनी कापला?”

“साहेबानंच नेला. तपासायला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नव्हे. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाकडे न येणारा माणूस बघतो, तसं. मग म्हणाला, “पैला रंग माज्या ध्यानात हाय. तसाच काडू का?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर? सगळं निभावलं असतं. माल पहिल्या रंगाचा झाला असता, साहेबाच्या अर्ध्याशी जुळला असता. मग मी ‘हो’ का म्हटलं नाही? कारण माल तयार झाल्यावर मालकांनी आमच्या अर्ध्याशी ताडून पाहिलं असतं, रंग जुळला नसता, आणि कपाटातला तुकडा का उतरला हे मला विचारलं असतं. तो उपोषणाच्या मांडवात होता हे कळलं असतं. नोकरी गेली असती. आणि चळवळीत? मालकाचा नमुना पळवून नेणारा, आणि वर तो उन्हात घालवणारा शहाणा म्हणून हसं झालं असतं. मला वाटतं, नोकरीपेक्षा त्या हसण्याचीच भीती मोठी होती.

“नको, मामा,” मी म्हणालो. “नमुन्याप्रमाणेच करा.”

त्यानं केलं. तंतोतंत केलं. उन्हानं तीन आठवड्यांत जो रंग उतरवला तो राजय्यानं बोटाच्या टोकावर बरोबर पकडला. मालकांनी लडी तुकड्याशी लावून पाहिल्या आणि म्हणाले, “वा!” तुकडा मी परत कपाटात ठेवला. सूत निरनिराळ्या पेठांत गेलं, टॉवेल विणून आले, गाठोडी मुंबईला गेली.

श्रावण अर्धा होत आला आणि मुंबईहून तार आली. साहेबाच्या माणसानं सगळा माल नाकारला होता. रंग नमुन्याशी जुळत नाही, फिका आहे. तार मीच वाचली. मालक तेव्हा जेवायला गेले होते. तार टेबलावर ठेवली, कपाट उघडलं, तुकडा शर्टाच्या आत घातला आणि घरी आलो. न्हाणीघरात बंब पेटलेला होता. आई म्हणाली, “आत्ता कशाला रे आंघोळ?” मी म्हणालो, “अंग आंबलंय.” टॉवेल जळताना फार धूर होतो. सही सगळ्यात शेवटी जळली असं मला वाटतं, पण तेही मनाचे खेळ असतील.

त्यानंतर दोन दिवसांनी मालकांनी राजय्याला कचेरीत बोलावलं.

परदेशी रंग तेव्हा परवान्यावर मिळायचा. बाजारात चोरून विकला तर सोन्याच्या भावानं जायचा. मालकाचा तर्क सरळ होता. राजय्यानं रंग कमी घातला, उरलेला विकला, म्हणून माल फिका. राजय्या म्हणाला, “मालक, नमुन्यापरमानं केलंय. नमुना काडा. तुमीच तर लावून बघितला हुता.”

मालक माझ्याकडे वळले. “नमुना आण.”

आणि मी जे बोललो ते हे.

“नमुना मामांकडेच आहे, मालक. रंगखान्यात नेला तो त्यांनी परत दिलाच नाही.”

एवढंच. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता. राजय्या मला काहीच बोलला नाही — हे मी पाच वर्षं उलटसुलट करून पाहिलंय. तो मला खोटं पाडू शकला असता. ‘मास्तर, तुमीच तर घिऊन गेला’ एवढं म्हणू शकला असता. त्याऐवजी तो आठवायला लागला. खरंच आठवायला लागला! कपाळाला हात लावून, “दिला न्हाय व्हय मी? ऱ्हायला आसंल का तितं?” असं स्वतःशी पुटपुटत. लिहिणारा माणूस खोटं कशाला बोलेल, चूक आपलीच असेल — असं त्याला वाटलं. त्यानं रंगखाना सगळा धुंडाळला. मीही त्याच्याबरोबर धुंडाळला. हो. मीही! पिंपं हलवली, गोण्या उचलल्या, आणि “मामा, नीट आठवा” असंही म्हणालो.

संध्याकाळी मालकांनी सगळ्यांदेखत त्याला ‘दोंगा’ म्हटलं. राजय्याच्या तेलुगूत दोंगा म्हणजे चोर. म्हणे, रंगही चोरला आणि पकडला जाऊ नये म्हणून नमुनाही लपवला. दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, त्यांच्या तेलुगू विणकर समाजाच्या मार्कंडेयाचा रथ. दर वर्षी राजय्या नवं जानवं घालून रथाबरोबर सगळ्या समाजात चालायचा. त्या वर्षी तो एका बंद दुकानाच्या फळीजवळ उभा होता. मी पलीकडच्या बाजूला होतो. त्यानं मला हात केला. मी गर्दीत सरलो.

इथं थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी पत्रकवाला ना! आठवड्याच्या आत मी पत्रक काढलं. परदेशी खरेदीदार तिकडे बाजार पडला की माल मुद्दाम नाकारतात, खोट काढतात, भाव पाडतात आणि मरतो तो कामगार — असं. ते पत्रक गाजलं. त्यातली कितीतरी वाक्यं खरी होती, आणि आजही मी ती छातीवर हात ठेवून बोलेन. साहेब मंडळी भाव पाडतात. पत्र्याखालच्या मागावर कोण बसलंय हे विचारत नाहीत. हजारो टॉवेलांचा भरवसा एका कापलेल्या तुकड्यावर आणि एका दुभाष्यावर टाकतात, आणि मग सगळं बुडालं की तार करतात. खरं आहे! पण त्या खेपेला त्या साहेबानं लबाडी केली नव्हती. मी केली होती. खऱ्या वाक्यांच्या गोणपाटात मी माझं खोटं गुंडाळलं.

आणि ते पत्रक वाटायला राजय्या आला. कामावरून काढलेला, मोकळाच होता. गठ्ठा काखेत मारून गेटागेटावर उभा राहिला. त्याला तेलुगू वाचता यायचं, मराठी नाही. एके दिवशी पानाच्या टपरीमागं त्यानं मला गाठलं. “मास्तर, वाचून दावा की. वाटतोय तर काय वाटतोय ते कळूंद्या.”

मी वाचून दाखवलं. सबंध. त्यानं मान डोलावत ऐकलं. मग विचारलं, “ह्यात माजं नाव हाय?”

“नाही.”

“घाला की, मास्तर. राजय्यानं रंग चोरला न्हाय, एवढंच. एक वळ.”

त्यावर मी काय म्हणालो असेन? ऐका. मी म्हणालो, “मामा, पत्रकात एकेकट्या माणसांची नावं घालत नाहीत. प्रश्न एकाचा नसतो, सगळ्या कामगारांचा असतो.”

तो म्हणाला, “व्हय. तेबी खरं.” आणि गठ्ठा उचलून पुढच्या गेटाकडे गेला.

आणीबाणीत पोलिसांनी मला दोनदा बोलावून नेलं. सोबती म्हणतात, तू डगमगला नाहीस. त्यांना कोण सांगणार की डगमगून झालं होतं.

राजय्याला त्यानंतर शहरात कुणी रंगाला हात लावू दिला नाही. ‘हात स्वच्छ नाहीत त्याचे’ — एवढं वाक्य पुरतं. आता तो दुसऱ्यांनी रंगवलेल्या ओल्या लडी खांद्यावर घेऊन गच्चीवर वाळत घालतो. त्याचे हात आता रंगीत नसतात. घरी बायको विड्या वळते. गेल्या महिन्यात ती मला रस्त्यात भेटली. पानांचं सूप कमरेवर, थांबली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “मास्तर, तुमी लई लिवता म्हनं. समद्या जगाचं लिवता. आमच्या घरचं कदी लिवनार?”

तिला काही माहीत नाही. ती थट्टाच करत होती. हसत निघून गेली.

म्हणून हे लिहिलं. पण लिहून भागत नाही हेही मला कळतं. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याची क्षमा मराठीत छापून मागणं हा आणखी एक पळपुटेपणा झाला. तुमच्या हाती हे पडेल तोवर मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, हे सबंध वाचून दाखवलेलं असेल. मालकांनाही सांगितलेलं असेल. राजय्यानं मला काय म्हटलं, मारलं का, पाणी दिलं का — ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्याचं आहे. मला तुमच्याकडून काही नको. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो, चळवळ मोठी होती — यातलं काहीही तुम्ही माझ्या बाजूनं धरू नका.

पण सोलापूरकरांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी राजय्याला रंगखान्याच्या दारातून परत पाठवलंय. कुणी तोंडावर म्हणालात, कुणी पाठ वळल्यावर. कुणी समाजाच्या बैठकीत त्याच्या शेजारची जागा सोडलीत. तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. तेव्हा उद्या सकाळी, रंगखान्यांच्या भट्ट्या पेटायच्या आधी, त्याच्या दाराशी जा. चोर हा शब्द जेवढ्या मोठ्यानं बोलला होतात तेवढ्याच मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकतील असा परत घ्या. आणि त्याला कामावर घेऊन जा.